रोटाचा डबा

मशीनवर बसायच्या आधी ती डब्याचं झाकण उघडायची आणि डबा सगळ्यांसमोरून फिरवायची. "खाई तं देखा," म्हणायची. नको म्हटलं तर घास हातावर ठेवून पुढे जायची.

धुळ्यात देवपूरला पहिल्या मजल्यावर माझा शिवणक्लास आहे. ती साक्री रस्त्यावरच्या गावातून यायची, बारावीत होती. हात काही चांगला नव्हता. बाही उलटी लावायची, उसवायची, पुन्हा उलटीच लावायची. ओरडले की म्हणायची, "काई नही व्हस, ताई. कापड आपलंच शे." तुमच्याही पाहण्यात असेल अशी एखादी, जिच्यावरचा राग टिकत नाही.

खाली तिच्या गावचा एक मुलगा थांबायचा. बौद्ध घरातला, आयटीआयला होता. दोघं पहिलीपासून एका वर्गात. बसस्टँडपर्यंत भांडत जायचे. "तुले गणित येत नही," "तुले तरी कोठे येस," हे वरपर्यंत ऐकू यायचं. त्या वर्षी भांडण बंद झालं. दोघं गप्प चालायला लागली तेव्हा मी ओळखलं. मुलींनी माझ्या आधीच ओळखलं होतं.

मी तिला सरळ विचारलं, "घरी माहीत आहे?"

"आते नही. पहिले नर्सिंग, मंग नोकरी. मंग सांगसू."

बेत शहाणपणाचा होता. तोवर कुणाला कळलं नसतं तर तो पार पडला असता.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली. कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. कितीतरी घरांत लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही ते देत नाहीत, शेजारीपाजारी तर दूरच. उरले तर घरच्यांनीच संपवायचे. त्या दिवशी तिने डबा आणला, पण फिरवला नाही. "आज नही, ताई. रोटना डबा शे." तिची चुलत बहीणही क्लासला होती. दोघींनी कोपऱ्यात बसून थोडं खाल्लं. आम्ही नुसता वास घेतला.

क्लास सुटत आला तेव्हा ती डबा घेऊन खाली गेली. खिडकीजवळच्या मुलीचं मशीन थांबलं. मग तिच्या मागचीचं. मी उठून पाहिलं. खाली मोटरसायकलींच्या रांगेत तो मुलगा उभा होता आणि तिच्या डब्यातून खात होता. चुलत बहीण माझ्या खांद्यामागून बघत होती.

दोघं हातात हात घेऊन दिसली असती तर काहीतरी सांगून निभावता आलं असतं. ह्याला काय सांगणार?

ती वर आली. एकही मशीन चालत नव्हतं.

"काय केलंस हे?" मी विचारलं.

"तो बाहेरना नही, ताई," ती म्हणाली. सगळ्यांसमोर, आवाज न चोरता.

दुसऱ्या दिवशी तिच्याऐवजी तिचा मोठा भाऊ आला. तिची कात्री आणि टेप मागितली.

"तिचं शिवण अर्धं राहिलंय. उद्या पाठव तिला," मी म्हणाले.

"ती आते येणार नही."

"बरी आहे ना ती?"

त्याने कात्री खिशात घातली. "आमना घरनी शे. आम्ही देखी लिसूत."

मुलाचा बाप शहाणा निघाला. त्याने पोराला त्याच संध्याकाळी दीपनगरला आत्याकडे पाठवलं. तिला पाठवणारं कुणी नव्हतं.

चुलत बहिणीला मी एकटीला घेऊन बसले. ती म्हणाली, "काकूनी इचारं, रोट सरनात का. मी हा म्हनं. मंग कोनी खादात ते बी सांगं." तिच्या बोलण्यात खोडी नव्हती. रोट संपले की नाही हे घरोघरी विचारतातच.

गणपतीच्या आधी तिची आई आली. लाल कापड आणि मुलीचं जुनं ब्लाऊज टेबलावर ठेवलं. "लगीननं शे. माप याच्यावरून ल्या."

"अठरा पूर्ण झाली का तिला?"

आई कापडाची घडी नीट करत राहिली.

"लग्नाचं ब्लाऊज मी अंगावर माप घेतल्याशिवाय शिवत नाही. तिला घेऊन या. नाहीतर मी येते."

"नका येऊ, ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही उनात तं तिलेच भोगनं पडी." कापड पिशवीत कोंबून ती निघाली.

मी लगेच बालविवाहाच्या हेल्पलाइनला फोन केला. माणसं गावात गेली, पोलीसही बरोबर होते. घराला कुलूप होतं. कुणी म्हणालं सुरतेला गेले, कुणी म्हणालं मामाकडे. दोन्ही ठिकाणी चौकशी झाली. ती कुठेच सापडली नाही. मी अजून फोन करते. तपास चालू आहे म्हणतात.

दिवाळीनंतर घरचे परतले. ती नव्हती. "सासरी शे," एवढंच सांगतात. कोणतं गाव, ते सांगत नाहीत.

चुलत बहीण अजून क्लासला येते. तिला घ्यायला तोच भाऊ येतो. बराच आधी येतो आणि खाली गाडीवर बसून वर बघत राहतो. खिडकीजवळच्या मशीनवर आता कुणी बसत नाही.