पॉलच्या हातावरचा नंबर

हवालदार म्हणून फौजेतून सुटलो आणि दापोलीजवळच्या गावी आलो. घरात जीव रमेना. पन्नासच्या दशकात कुवेतला, फहाहीलच्या एका तेल-यार्डात फायर क्रूचा फोरमन झालो. साडेपाचला फॉलिन, रांगेत हजेरी, सहाला पंप चेक. पोरं म्हणायची, इब्राहिमचाचा अजून पलटणीतच आहे. म्हणोत बापडी!

यार्डात पॉल वेल्डर होता. पंचविशी उलटलेला, इंग्लंडहून आलेला. सुट्टीच्या दिवशीही बाह्या मनगटापर्यंत, बसायचा तो दाराकडे तोंड करून. मी चिडवायचो, "काय रे, सासरा येतोय का मागावर?" तो हसायचा नाही.

जुलैत एकदा, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तो टाकीजवळ कोसळला.

"कंट्रोल, फायर टू. माणूस पडलाय. ऊन लागलंय. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"फायर टू, दहा मिनिटं. आउट."

सावलीत ओढला. बाह्या कापल्या, पाणी ओतलं. डाव्या हातावर निळा नंबर गोंदलेला. मला वाटलं, सर्व्हिस नंबर! त्याने डोळे उघडताच मी खूश होऊन माझा नंबर ऐकवला. "शाब्बास जवान! कुठली पलटण?"

त्याने हात पोटाखाली दडवला.

"पलटण नाही, चाचा. जर्मनांचा कॅम्प. चौदा वर्षांचा होतो. आम्ही ज्यू."

"घरची माणसं?"

"आई आणि इव्हा, माझी बहीण. उतरल्या उतरल्या गॅसमध्ये घातलं. त्यांना नंबर दिलाच नाही."

गाढव मी!

"कागदावर ख्रिश्चन लिहिलंय," तो म्हणाला. "कळलं तर इथून घालवतील, अरब मुलखात ज्यूला थारा नाही. लंडनला लग्न ठरलंय माझं, त्यासाठीच पैसे साठवतोय. कॅम्पपासून मला घर नाही, चाचा. आता होतंय."

गाडी फाटकात आली. मी पेटीतून बँडेज काढलं आणि त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळलं. आत साधा ओरखडाही नव्हता.

"हाताला काय?" गाडीतल्या ड्रेसरने विचारलं.

"भाजलंय. मी बांधलंय. सोडायचं नाही."

फौजेत कधी खोटा रिपोर्ट दिला नाही. त्या दिवशी लेखी दिला. पुढे महिनाभर ऑफिसची जीप दिसली की मी पंपामागे जाऊन उभा राहायचो. कुणी विचारलं नाही. करार संपवून पॉल गेला, त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं. लई बरं वाटलं.

महायुद्धात इटलीत माझ्या सेक्शनची सहा पोरं पडली. दरवर्षी त्या दिवशी एकेकाचं नाव घेऊन मी फातेहा पढतो. सहा नावं झाली तरी आता जागचं उठवत नाही. ज्यू पोरीसाठी फातेहा पढतो म्हणून मौलवी काय म्हणायचं ते म्हणोत, मी इव्हाचं नाव घेतो. मग तिच्या आईसाठी हात उचलतो आणि अडतो. आईचं नाव विचारायचं राहूनच गेलं.