रोह्याच्या घरातला लाल दिवा

आई रोह्यात एकटी राहायची आणि तिला तिथेच राहायचं होतं. एकदा ती मोरीत पडली, शेजारणीने उचललं. तेव्हा पनवेलच्या धाकट्या बहिणीने जाहीर केलं की आईने आता पेणला दादाकडे, म्हणजे माझ्याकडे, राहावं. स्वतःकडे का नाही, हे तिने सांगितलं नाही. शेवटी तडजोड झाली. बाहेरच्या खोलीत कॅमेरा लावायचा आणि महिनाभर बघायचं. आई स्वतःच्या पायांनी मोरीत जाते-येते असं दिसलं तर रोहा, नाहीतर पेण.

चित्रण साठवायला पेणच्या रामवाडीत माझ्या घरी एक जुना कॉम्प्युटर होता. मी त्याला सर्व्हर म्हणतो, बायको डबा म्हणते. तो दिवसरात्र चालतो, म्हणून मी त्याला विजेचा मीटर लावला होता आणि काम नसलं की प्रोसेसरला गाढ झोपू देणारी सोय चालू केली होती. पस्तीस वॅटचा आकडा अकरावर आला. त्या अकराचा मला अभिमान होता. कॅमेराही काटकसरीचाच. समोर काही हललं तरच चित्र पाठवायचा आणि अंधारात त्याला दिसायचं नाही. आलेलं चित्र सर्व्हरवरून बहिणीच्या फोनवरही जायचं. पेणहून उत्तर मिळत असलं की त्याच्यावरचा दिवा निळा, नाहीतर लाल.

पहिल्याच आठवड्यात दुपारचं चित्रण गायब व्हायला लागलं. गडबच्या कंपनीतून घरी येऊन बघावं तर सर्व्हर थिजलेला. बटण दाबून पुन्हा चालू करावा लागे. बहिणीचा संशय सरळ आईवर. तिने फोन करून विचारलं, की वायर तूच काढतेस ना? तुला नवऱ्याने घरात ठेवलीय तेच नवल, एवढंच उत्तर तिला मिळालं. माझ्या वाट्याला वेगळं आलं.

"लहानपणी घड्याळं उघडून ठेवायचास," आई म्हणाली. "परत बसवायचा तुझा बाप. आता तोपण नाय."

मी एकेक गोष्ट तपासत गेलो. सर्व्हर पुन्हा चालू केल्यावरही चित्रण साठत नसे, त्याचं कारण आधी सापडलं. आत दोन प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बंद कप्प्यांत चालत. एक रोह्याहून चित्र घ्यायचा, दुसरा ते साठवायचा. बंद-चालू झालं की पहिल्याला आतला नवा पत्ता मिळे आणि दुसरा त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत बसे. मी त्या दोघांपुरतं वेगळं नेटवर्क केलं आणि आकड्याच्या पत्त्याऐवजी नावाने शोधायला लावलं. तेवढं जमलं. थिजणं मात्र थांबेना. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, चूक म्हणून काही नाही. एक साधी ओळ, आणि तिच्यापुढे कोरं. मेमरी बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलला. मग सगळ्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा दिसलं की थिजण्याआधी दर वेळी रोह्याहून बराच वेळ काहीच आलेलं नसे. आई हललीच नव्हती. रात्री सर्व्हरला फायलींच्या प्रती काढायचं काम असे, म्हणून तेव्हा तो शाबूत. दुपारी काम नसलं की प्रोसेसर गाढ झोपायचा आणि उठायचाच नाही.

ती झोप मी बंद केली. मीटर एकोणतीसवर गेला.

"अठरा वॅटसाठी तीन आठवडे आईला चोर ठरवलंत," बायको म्हणाली. वजाबाकी बरोबर होती.

त्यानंतर सर्व्हर एकदाही थिजला नाही. बहिणीला मी तसं अभिमानाने कळवलं. पण शनिवारी चित्रण बघायला घेतलं तर ते फारच थोडं निघालं. सकाळी आई भिंतीला धरून मोरीत जाऊन येताना दिसे. मग कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसे, आणि तिथून अंधार पडेपर्यंत काही नाही. पाण्याला उठणं नाही, मोरी नाही. खंड म्हणावा तर तोही नव्हता. सर्व्हर जागा होता, दिवा निळा होता.

रविवारी दुपारी मी रोह्याला गेलो. दार ढकललं तेव्हाच वास आला. आई खुर्चीत ताठ बसली होती. लुगडं भिजलेलं, खुर्चीखाली ओल. ती माझ्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत होती.

"तुझी मशीन झोपत नाय आता?"

दुरुस्त केली, असं मी सांगितलं.

"पयली बरी होती. मी गप बसले की जरा वेळानं दिवा लाल व्हायचा. मग कोण बघत नाय. जायचे रांगत." तिने लुगड्याचा ओला काठ पायावरून बाजूला केला. "आता लालच होत नाय. एवढा हुशार हायस, तर मी मुतायला कधी जाऊ ते सांग."

मी वायरीला हात घातला तोच खिशातला फोन वाजला. मी आत आलो, खोलीत हालचाल झाली, आणि कॅमेऱ्याने आपलं काम केलं होतं. आवाजासकट.

"दादा, ऐकलं मी," बहीण म्हणाली. "रांगते ती. आता आजच घेऊन जा."

आई आता रामवाडीत आमच्याकडे असते. इथे ती उघड रांगते. मी हात पुढे केला तर धरत नाही. घरात बाहेरचं कोणी नसलं की आतल्या बाजूने जाते, पण पाहुणे आले की मुद्दाम हॉलमधून. सर्व्हरपाशी पोचली की थांबते, दम घेते आणि त्यांना सांगते, "माझी चुगली ह्या डब्यानं केली. पोरगा नुसता हमाल."