हँडलमागचे ओरखडे

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुलतान बाजारातून उशांच्या अभ्र्यांचं कापड आणणं. तिथं गाडी लावायला जागा कधीच नसते. ती दुकानात गेली आणि मी गल्लीच्या तोंडाशी गाडी चालू ठेवून बसलो. ती परत आली तोवर मागं बस, बसच्या मागं ऑटो, सगळे हॉर्न मारायला लागलेले. ती दाराशी उभी राहून हँडलशी खटपट करत होती. मी आतूनच ओरडलो, "अगं, दार उघडायला मुहूर्त बघतेस का?"

ती बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आले की. त्या बसवाल्यापेक्षा तुमचाच आवाज जास्त." मग बरकतपुऱ्याला घरी येईपर्यंत आम्ही त्या फिक्या निळ्या कापडाबद्दल बोललो. लवकर मळेल असं माझं म्हणणं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी खाली बसली ती उठली नाही. मेंदूत गुठळी झाली, असं दवाखान्यात सांगितलं. एकदम होतं हे, आधी काही कळत नाही, असंही सांगितलं. मी ते धरून बसलो. आधी काही कळत नाही म्हणजे मला कळलं नाही यात माझी चूक नाही.

दोन महिन्यांनी मी मुलीला म्हणलं, गाडी तू घेऊन जा, मला आता कुठं जायचंय. ती विद्यानगरला राहते, चांगली चालवते. पण देण्याआधी पॉलिश करून देतो म्हणलं. चाळीस वर्षं मी शेडमध्ये लोकांच्या गाड्या रंगवल्या, आणि माझी स्वतःची गाडी कॉलनीत सगळ्यात खराब. आमच्या धंद्यात हे असंच असतं. गाडी गडद निळी. गडद रंग काही लपवत नाही. उन्हात बॉनेट बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, कोरड्या फडक्यानं धूळ पुसल्याचे. ते फडकं माझंच.

आता मशीन आल्या आहेत. मी हातानंच करतो. आधी गाडी भरपूर पाण्यानं धुवायची, सावलीत आणायची, रबराच्या कडांना टेप लावायचा, हातातली अंगठी काढून ठेवायची. मग जुन्या बनियनच्या तुकड्यावर बोटाच्या पेराएवढं रबिंग घ्यायचं, ती पांढरी पेस्ट, आणि वीतभर जागेत सरळ रेघांत घासायचं. गोल फिरवायचं नाही. लोकांना वाटतं आपण ओरखडा पुसतो. ओरखडा पुसला जात नाही. तो खड्डा आहे, त्याच्या भोवतीचा रंगच खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. म्हणून आधी नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, त्याच्या मागं लागलं तर रंगच संपतो. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं, बाकी सगळं शिव्या खाऊन आलं.

बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. तिसऱ्या दिवशी डाव्या पुढच्या दाराशी आलो, तिच्या बाजूच्या. हँडलच्या मागं वाटीसारखी खोलगट जागा असते, बोटं घालायला. तिथं नखांचे, बोटातल्या अंगठ्यांचे ओरखडे सगळ्याच गाड्यांना असतात. मी टॉर्च लावला आणि थांबलो. ते ओरखडे दोन जातींचे होते.

जुने होते ते मऊ झालेले, कडा बोथट, आत जुनं मेण पांढरं होऊन बसलेलं. ते सगळे एका बाजूला तिरके. त्यांच्यावरून नवे गेले होते, स्वच्छ, धारदार, आणि उलट्या बाजूला तिरके. नुसते वाटीत नाहीत, वाटीच्या खाली दारावरसुद्धा. बोटं हँडलवरून निसटून खाली घसरल्यासारखे.

शेडमध्ये असतो तर कोणी मुद्दाम खरवडलंय म्हणून सोडून दिलं असतं. पण या दारानं तिच्याशिवाय कोणी बसतच नव्हतं. मला चैन पडेना. मी चार बोटांना रबिंग लावलं आणि तिच्या जागी उभं राहून उजव्या हातानं दार उघडलं. बोटांच्या पांढऱ्या रेघा उठल्या, जुन्या ओरखड्यांच्या बाजूला तिरक्या. पुसल्या. मग डाव्या हातानं उघडलं. रेघा उलट तिरक्या आल्या, नव्या ओरखड्यांसारख्या. खात्री करायला परत केलं. दहा वेळा उजव्यानं, दहा वेळा डाव्यानं. वरच्या मजल्यावरचे तेलुगू मास्तर गच्चीतून बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, लॉक खराब झालं का अंकल. मी म्हणलं, नाही हो, लॉक चांगलं आहे.

ती उजव्या हाताची होती. भाकरी उजव्यानं थापायची, माझ्या पाठीत धपाटा उजव्यानं घालायची. मग शेवटी शेवटी दार डाव्यानं का उघडत होती, आणि तोही हात का निसटत होता?

मी तिथंच पायरीवर बसून मुलीला फोन लावला. विचारलं, तुझ्या आईच्या उजव्या हाताला काही झालं होतं का. ती म्हणाली, आता कशाला ते. मी म्हणलं, मला दारावर दिसलंय, खोटं बोलू नको.

"मुंग्या यायच्या बाबा. दिवाळीपासून. चमचासुद्धा गळून पडायचा कधी कधी. मी कितीदा म्हणलं डॉक्टरकडं चल."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"ती नको म्हणाली. म्हणाली, हात धड नाही कळलं तर हे गाडीच बाहेर काढणार नाहीत. मग मी सुलतान बाजार कधी बघणार?"

तिची आई म्हणाली ते बरोबर होतं. मी काढली नसती. तिला कॉटवर झोपवून ठेवलं असतं, दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या असत्या आणि डॉक्टरांशी भांडलो असतो. कदाचित ती आज असती. आणि हेही खरं की मी आत बसून होतो, हात लांब केला असता तर दार आतून उघडता आलं असतं. मुलगी रडत होती, तिलाही तेच खात असणार. मी तिला म्हणलं, तुझा दोष नाही, ती ऐकणारी बाई नव्हती. स्वतःला तसं म्हणता आलं नाही.

मुलगी म्हणाली, ते ओरखडे राहू द्या बाबा. पण फोन ठेवल्यावर घासायला घेतलं. मला जे कळायचं होतं ते कळलं होतं, आणि मुलगी रोज त्या दाराशी येऊन त्यात बोटं घालून रडेल हे मला नको होतं. वाटीत घासायला एकच बोट फिरतं. बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून, थोडं थोडं, पुसून बघत, परत. आधी नवे गेले, ते वरवरचेच होते. तिच्या डाव्या हाताला सवय नव्हती, जोर नव्हता ना. जुन्यांना वेळ लागला. अंधार पडायच्या आत वाटी आरशासारखी झाली.

पण रबिंगमध्ये तेल असतं. ते ओरखड्यात भरून बसतं आणि सगळं गेलं असं दाखवतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साबणाच्या पाण्यानं धुऊन, कोवळ्या उन्हात परत बघितलं. नवा एकही नव्हता. जुन्यांतला एक होता, वरच्या कडेला, अंगठीचा. नख फिरवलं तर अडकलं. तो मी तसाच ठेवला, घासला असता तर खालचा पत्रा दिसला असता.

मग मुलीला फोन केला, ये आणि गाडी घेऊन जा. ती आली. किल्ली देताना मी तिला सांगितलं की मला डाव्या डोळ्यानं वर्षभर धुरकट दिसतंय, गाडी तुला देण्याचं खरं कारण तेच आहे, आणि गाडी चालवणं सुटेल म्हणून इतके दिवस मी कोणाला बोललो नव्हतो. तिनं किल्ली घेतली. मग तिच्या आईसारखंच तोंड करून म्हणाली, "बसा." मी डाव्या बाजूनं दार उघडून बसलो आणि आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो.