साहेबरावांची बरणी

आमच्या कॉलेजात साहेब एकच, आणि तो प्रयोगशाळेचा शिपाई. साहेबराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव. जाफराबादच्या ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला रुजू झाले, त्या सकाळी ते दारात लोणच्याची काचेची बरणी उन्हाला धरून उभे होते. "म्याडम, दोन मिनिटं थांबा. उजेड आडकलाय," म्हणाले. मी भोकरदनहून काळीपिवळी जीपमध्ये अर्ध्या सीटवर अंग चोरून आलेले. म्हटलं, माणूस जरा सटकलेला दिसतोय.

तो त्यांचा लाडका प्रयोग होता. बरणीत थोडं पाणी, थोडं खोबरेल. काचेच्या कांडीनं घुसळलं की दूध दिसतं. मग ग्लिसरीन ओतत घुसळत राहायचं. दूध फिकं होत जातं आणि एका क्षणी बरणी स्वच्छ होते, मागे लावलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतात. कांडी थांबेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. थांबली की पोरं ओरडायची, "विरघळलं!"

"काय बी विरघळलं न्हाई," साहेबराव म्हणायचे. "तेलाचे थेंब आतच हायेत. पाण्यात उजेडाची चाल एक, तेलात दुसरी. दर थेंबाला उजेड ठेचकाळू राह्यला व्हता, म्हणून दूध दिसलं. ग्लिसरीननं चाल बराबर केली. आता उजेड सीधा पार."

मी फळ्यावर 'अपवर्तनांक' लिहायची. पोरांच्या डोक्यात मात्र साहेबरावांची चाल राहायची. सुरुवातीला मला याचा राग यायचा, खरं सांगते. पुढे पुढे रागवायचंही त्राण उरलं नाही.

घाई केली की हा प्रयोग नासतो. ग्लिसरीन जास्त झालं की चाल दुसऱ्या बाजूनं बिघडते आणि बरणी पुन्हा गढूळ होते. म्हणून शेवटचं ग्लिसरीन ते थेंबाथेंबानं सोडायचे. त्यांची बरणी कधी नासली नव्हती. एका वर्षी नासली. अक्षरं स्पष्ट दिसली, तरी कांडी फिरतच राहिली, थेंब पडतच राहिले. बरणी परत धुरकटली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. साहेबरावांनी मला हळूच विचारलं, "आजून न्हाई झालं का, म्याडम?" तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बुबुळांमागे पांढरं साचलं होतं.

वर्ग सुटल्यावर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत दूध झालंय. रिटायरला दोन वर्षं हायेत. कुणाला सांगू नका, आंधळा म्हणून घरी बसवतील."

ऑपरेशन करून घ्या, असं मी म्हटलं. पण त्याच दमात मीच पुढे म्हणाले, "आधी प्रॅक्टिकल परीक्षा तेवढ्या होऊ द्या." ते महिनाभर घरी बसले असते तर चाळीस पोरांचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात आलं असतं. मी थकले होते. हे कारण आहे, सबब नाही.

मग आम्ही खूण ठरवली. बरणी स्वच्छ झाली की मी खोकायचं. प्रॅक्टिकल झाल्या, मग उन्हाळा, मग दिवाळी. दर वेळी ते विचारायचे, "आता जाऊ का?" आणि दर वेळी माझं काहीतरी निघायचं. दीड वर्ष मी खोकत राहिले. ते हसायचे, "म्याडम, चष्म्यापरीस तुमचा खोकला भारी."

एका सकाळी ते डोकं धरूनच आले. डावा डोळा लालबुंद. मीच त्यांना जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार पिकला, आतला दाब वाढला, डाव्या डोळ्याची नस गेली. उजवा वाचेल. "इतके दिवस काय करत होतात?" मी तोंड उघडायच्या आत साहेबराव म्हणाले, "मलाच भ्या वाटू राह्यलं व्हतं, डॉक्टरसाहेब." मी ते खोडून काढलं नाही.

उजव्याचं ऑपरेशन चांगलं झालं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पोरांसमोर शेवटची बरणी मांडली. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. दूध फिकं झालं, अक्षरं उमटली, आणि मी सवयीनं खोकले. मला बघायला त्यांना अख्खी मान वळवावी लागली.

"खोकू नका, म्याडम," ते अगदी मायेनं म्हणाले. "दिसू राह्यलंय मला."

त्यांची जागा अजून भरलेली नाही. बरणी आता मीच घुसळते. पोरं नियमाप्रमाणे गप्प असतात. अक्षरं दिसली की मी कांडी थांबवते, आणि खोकते. पोरांना वाटतं, खडूनं म्याडमची छाती गेली.