लसणाचा वास

सौर पॅनेलच्या काचेवर चढवलेला काळा थर, कॅडमियम टेल्युराइड, दोन काचांमध्ये बंद झाला की पंचवीस वर्षं उन्हात गपगुमान वीज करत बसतो. पाण्यातसुद्धा विरघळत नाही. त्याचा दुसरा गुण कारखान्यात हा थर चढवणारी भट्टी साफ करणाऱ्या बायकांना विचारावा. भट्टीच्या भिंतींवर बसलेला थर ओल्या फडक्याने पुसायचा, असा नियम. मुकादमाला एवढा धीर कुठला? "कोरड्या ब्रशने झटका आणि मोकळ्या व्हा," म्हणायचा. बायका झटकायच्या आणि ती काळी भुकटी नाकातोंडात जायची.

त्यात दोघी सख्ख्या बहिणी होत्या. दोघींच्या तोंडाला लसणाचा वास येऊ लागला. थोरलीने घरात लसूण आणणंच बंद केलं, तरी वास हटेना. मुकादम नाक धरून ओरडायचा, "आल्या बघा लसूणबाई!" सगळा हॉल खिदळायचा. धाकटीही हसायची, स्वभावच तसा तिचा.

मग धाकटीचे पाय सुजले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वास टेल्युरियमचा आहे, तो जाईल. पण सोबत कॅडमियम आत गेलंय. त्याने मूत्रपिंडं निकामी केलीत." वर्षभरात धाकटी गेली. मुकादम त्यांच्या घराच्या दारात उभा राहून म्हणाला, "तब्येतीनंच नाजूक होती हो ती." थोरलीने त्याच दिवशी त्याच्यावर दात धरला.

तिने नोकरी सोडली नाही. स्वतःच्या आणि बाकीच्या बायकांच्या तोंडावर हट्टाने चांगले मास्क चढवले, मुकादमाला न विचारता. तो मात्र काचेच्या केबिनमध्ये उघड्या तोंडाने बसायचा. उकडतं म्हणून त्याने भिंतीत पंखा बसवून घेतला होता, हॉलमधली हवा थेट आत ओढणारा. एवढा शहाणा माणूस!

एके दिवशी तो थोरलीच्या अंगावर खेकसला आणि तिच्या नाकात वास शिरला. लसणाचा. तिला लगेच कळलं. पंखा बंद करा, एवढंच सांगायचं होतं. तिने सांगितलं नाही. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली.

अकरा महिन्यांनी तपासणीला अधिकारी आले. मुकादम छाती काढून म्हणाला, "इथे कोरडं कुणी झटकत नाही. विचारा ना आमच्या बाईंना." थोरलीने अधिकाऱ्यांच्या हातात एक ओलं पांढरं फडकं दिलं. "केबिनमधल्या पंख्याची पाती पुसून बघा, साहेब."

फडकं काळंकुट्ट झालं. अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे काम बंद पाडलं.

मुकादमाने तळहात तोंडाशी धरून फुंकर मारली. त्याचं तोंड उतरलं. "बायको रोज सांगते, लसूण कमी खा म्हणून..." तो पुटपुटला. मग थोरलीकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"अकरा महिने."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

थोरलीने मास्क काढला. "मला वाटलं, तुमची तब्येत काही तिच्यासारखी नाजूक नाही."