मुका झालेला ए

दादा बोटीवर नोकरीला होता. एकदा सुट्टीवर येताना त्याने टीव्हीला जोडायचा संगणक आणला. टाइपरायटरसारखी बटणं असलेली एक बसकी पेटी, बाकी काही नाही. सुट्टी संपवून तो परत गेला आणि ते यंत्र आम्हा तिघांच्या ताब्यात राहिलं: बाबा, वहिनी आणि मी. मी तेव्हा म्हापशाला कॉलेजात जात होते. वहिनी सावंतवाडीकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली.

डिचोलीतलं आमचं घर रस्त्यालगत. खनिजाचे ट्रक दिवसभर धडधडत जात आणि जनेल कितीही घट्ट लावलं तरी तांबडी धूळ आत येई. भातावर बसे, देवांवर बसे. ती संगणकाला थोडीच सोडणार? आधी बटणांतला ए अडखळू लागला. मग पार मुका झाला.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं, तरी मराठी की कोंकणी हा वाद नाक्यावर रोज रंगे. बाबा मराठीचे कट्टर. संगणकाला दोन्ही सारख्याच. रोमी, म्हणजे इंग्रजी, अक्षरांत काहीही लिहा, ‘ए’वाचून पान हलत नव्हतं. वहिनीने ‘भाकरभाजी’ लिहिलं तर पडद्यावर जे उमटलं ते तिने मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

बाबांनी पणजीत चौकशी केली. तिथल्या दुकानदाराने असलं यंत्र कधी पाहिलंच नव्हतं.

एका रविवारी बाबा मासळी आणायला गेले आणि वहिनी मला म्हणाली, “बाय, नायतरी ता चलणा नाय. उघडून बघूया?”

तिने शिवणयंत्राचा पेचकस आणला. जमिनीवर चादर पसरून आम्ही पेटी उघडली. चहाच्या कुलेरीचा, म्हणजे चमच्याचा, दांडा घालून ए वर उचलला, तर खालची स्प्रिंग टुणकन उडाली. आम्ही रांगत रांगत पलंगाखाली, कपाटामागे शोधलं. ती निघाली वहिनीच्या केसांतल्या अबोलीच्या वळेसरात. त्यानंतर काम कमी आणि हसू जास्त.

बटणाच्या टोकाला काळ्या रबराची चकती होती. बटण दाबलं की ती खालच्या तांब्याच्या रेषांना टेकून वीज जोडायची. त्या रेषांवर धुळीचा तांबडा थर होता. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून आम्ही तो पुसला. पण चकतीच झिजून गुळगुळीत झाली होती.

तेवढ्यात बाबा दारात. हातात मासळीची पिशवी, समोर चादरीवर मुलाच्या संगणकाची आतडी. पण त्यांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली, उकिडवे बसले आणि अडलंय कुठे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, इथे वीज वाहील असं काहीतरी चिकटवायला हवं. बाबांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं आणि आतला चंदेरी कागद फाडून माझ्या हातावर ठेवला.

टिकलीएवढा तुकडा कापून चकतीवर चिकटवला, सगळं पुन्हा जोडलं आणि संगणक चालू केला. पडदाभर ए. ओळीमागून ओळ, कुणी हात न लावता. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वहिनी त्यांची पाठ चोळत स्वतःच हसत होती. पुन्हा उघडून पाहिलं तर कागदाचा एक कपटा रेषांवर पडून राहिला होता. तो काढला आणि ए शहाण्यासारखा वागू लागला.

वहिनीने लिहिलं, ‘बाबा आले’. सगळे ए जागच्या जागी. मग बाबांनी खुर्ची ओढली आणि एका बोटाने आपल्या हळर्ण गावातल्या आजोळच्या माणसांची नावं लिहीत बसले. उठेचनात. मासळीची आठवण झाली तोवर मांजराने पिशवी रिकामी केली होती. आम्ही पाव आणि लोणच्यावर जेवलो. तरी बाबा जेवताना मधेच हसत होते.

चतुर्थीला दादा आला. त्याने सगळी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाला, ए ठीक आहे, पण आता एस अडतोय. त्याने पेचकसाकडे हात नेला, तो वहिनीने आधीच उचलला होता.

“तुमी हात लावू नकात,” ती म्हणाली. “आताच मी नि बाय बघतंव.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी चादर शोधायला गेले.