दोन अंगणांची वकीलबाई

"मी वकील धाडसू. काय ते तोच सांगी," जीवराम आबा भिंतीच्या अलीकडून म्हणाले.

"माले कोरटमा खेचस?" पलीकडून भटू नाना म्हणाले. "मंग आजपाईन तुन्ही मूठ येगळी, मन्ही मूठ येगळी."

आबा आणि नाना सख्खे भाऊ. भांडण पत्र्याचं. आबांच्या पत्र्यावरचं पाणी नानांच्या अंगणात पडायचं, एवढंच. सुंदरबाई तेव्हा नुकतीच लग्न होऊन पिंपळनेरजवळच्या या गावात आली होती आणि शेजारीच, आपल्या घराच्या मागच्या दारी भांडी घासत होती. वकील हा शब्द कानावर पडला तसा तिचा हात थांबला.

तिच्या माहेरी सोयरीक जमवताना मधे फिरणाऱ्या माणसाला वकील म्हणत. तो काळा कोट घालत नाही. तो चहा पितो, शेंगदाणे खातो, दोन्हीकडचं ऐकून घेतो आणि खिसे भरून घरी जातो. तिचं स्वतःचं लग्न अशाच एका वकिलानं जुळवलेलं होतं, आणि त्यानं खाल्लेल्या शेंगदाण्यांचा विषय तिच्या आईच्या तोंडी अजून होता. आबांची सासुरवाडी तिकडचीच. त्यांच्या मनातला वकील हा शेंगदाणेवाला वकील होता. नाना मात्र एकदा साक्ष द्यायला साक्रीच्या कोर्टात जाऊन आले होते, त्यांना काळा कोट तेवढा माहीत.

पण नव्या नवरीनं दुसऱ्याच्या भांडणात तोंड कसं घालायचं? तिनं पुन्हा तवा घासायला घेतला. तवा लख्ख झाला, आणि शेजारी दोन राज्यं झाली.

ज्यानं त्यानं आपला कारभार वेगळा केला. मधली भिंत उंच झाली. तिच्या एका कोपऱ्यात मात्र खिंडार राहिलं, कारण ते कुणी बुजवायचं यावर एकमत झालं नाही. पोरं त्यातून येत-जात. आता तर दोन्हीकडच्या नातवांचा मोबाईलवर एकच ग्रुप आहे, आणि भिंतीला ते बॉर्डर म्हणतात. मोठ्यांना मात्र वकील लागायचा.

पहिला वकील हिरामण न्हावी. दोघांची दाढी तोच करायचा. वस्तरा गळ्याशी असला की माणूस जपूनच बोलतो, त्यामुळे त्याच्या काळात दोन्ही राज्यांत फार गोडी होती. पुढे तो लेकाकडे सुरतला गेला आणि गोडीही त्याच्याबरोबर गेली.

दुसरा वकील नवीन मास्तर. माणूस भला, पण निरोप शुद्ध करून न्यायचा. आबा म्हणाले, "त्याले सांग, बैल आवर." मास्तरांनी नानांना सांगितलं, "आपण आपल्या बैलाबाबत योग्य ती दक्षता घ्यावी." नानांना वाटलं, ही सरकारी नोटीस. आला म्हणे काळा कोट. मास्तरांची बदली झाली तेव्हा ते सगळ्यांत आधी मोटारीत जाऊन बसले.

मग सुंदरबाई. तिला कुणी नेमलं नाही. एक दिवस वांग्याचं भरीत जास्त झालं, म्हणून ती वाटी घेऊन आबांकडे गेली, तिथून नानांकडे गेली, आणि गावानं ठरवून टाकलं की ही वकीलबाई. तिचा नवरा सुकदेव हसायचा. "सरकारनं बंगला दिधा का वं तुले?" "तुम्हनाच बंगला शे ना," ती म्हणायची, आणि गळक्या कौलांकडे बघायची.

हातात वाटी नसताना तिनं कधी खिंडार ओलांडलं नाही. माणूस वाटीकडे बघता बघता निरोप ऐकतो, आणि वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून उत्तर द्यायला वेळ मिळतो. तेवढ्या वेळात राग निवतो. निरोपातले काटे ती वाटेतच काढून टाकायची, माशातले काढतात तसे.

जरा पाय रोवल्यावर तिनं त्या जुन्या शब्दाचाही उलगडा केला. नाना सुपारी चघळत ऐकत राहिले. "मंग त्यानं तसं सांगाले पाहिजे व्हतं." आबा म्हणाले, "मंग त्यानं इचाराले पाहिजे व्हतं." कारण संपलं आणि भांडण तेवढं उरलं. सुंदरबाईनं दोन्ही वाट्या विसळल्या.

तिच्या पोटात एक गोष्ट मात्र होती. श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गव्हाची सव्वा मूठ घेतात आणि ते गहू दळून रोट करतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडाही नाही. भांडणापासून वेगळ्या झालेल्या या मुठी मोजताना दोन्ही घरं वकीलबाईला साक्षीला बसवत, उद्या कुणी काही बोलायला नको म्हणून. आबा लेकाचं, नातवांचं नाव मोठ्यानं घेत आणि मूठ टाकत. सगळी नावं संपली की बिननावाची आणखी एक मूठ टाकत आणि तिच्याकडे बघत. "कोनले सांगू नको." मग ती खिंडारातून पलीकडे जायची. तिथं नानाही तेच करत, तसंच बघत.

इतक्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सुकदेव गेला, त्यालासुद्धा शेवटपर्यंत नाही.

यंदा तिचा लेक भूषण जळगावहून आला. मेहरूण भागात त्यानं घर घेतलंय, आईचे गुडघे गेलेत, कानबाई झाली की तिला घेऊनच जायचं असं त्यानं ठरवलं. सुंदरबाईला कपड्यांचं बोचकं बांधायला वेळ लागला नाही. पण आपण गेल्यावर ही दोन म्हातारी माणसं मुकी होतील, या विचारानं ती बांधलेली गाठ पुन्हा सोडून बसे.

मुठी मोजायच्या दिवशी ती आबांना म्हणाली, "आबा, पुढल्या सालले मी नही. साक्षीले सून बसी. ती इचारी, ही मूठ कोनी?"

आबांचा हात टोपलीतच राहिला.

पलीकडे तिनं नानांनाही तेच विचारलं. नानांची सून सुलक्षणा गहू निवडत होती, तिनं मान वर केली. "कोनती मूठ, नाना?"

नाना खाकरले. मग वकीलबाईला म्हणाले, "त्याले सांग, गहू जास्ती व्हई ग्यात आठे."

तिनं वाटीत लाडू घेतला आणि निरोप नेला. आबांनी लाडू संपवला. "त्याले सांग, आठे भी जास्तीच शेत. दळाले दोन जाती कसाले फिरवतस उगीच?"

यातला एकही काटा तिनं काढला नाही, कारण नव्हताच.

दोन्हीकडचे गहू एकत्र दळले गेले आणि रविवारी कानबाई एकाच घरात बसली. रोट एका चुलीवर झाले. दोघे भाऊ एका ओळीत बसले, पण बोलेनात. सुंदरबाई दुसऱ्या कुळाची, ती उंबऱ्याबाहेर. "त्याले सांग, खीर घे," आबा म्हणाले. नाना हातभर अंतरावर होते. "नाना, खीर घ्या," ती बाहेरून म्हणाली. "त्याले सांग, घेतो." अशी पंगत उठली. सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून बाया परतल्या. भूषणनं गाडी दारात लावली, बोचकं आत ठेवलं. तेवढ्यात नानांनी हाक मारली. "त्याले इचार, आते वकील कोन?"

सुंदरबाईनं सुलक्षणेकडून वाटीत भोपळ्याची भाजी घेतली आणि खिंडारातून गेली. आबांनी भाजीचा वास घेतला. वाटी सुनेकडे दिली. मग म्हणाले, "त्याले सांग, सोता येईसन इचार म्हना."

ती परत आली, तिनं सांगितलं. नाना बाजेखाली पायानं चपला चाचपू लागले.

आबांच्या सुनेनं वाटीत गुळाचा खडा घालून दिला होता. तो सुलक्षणेनं काढून घेतला आणि त्या जागी मूठभर शेंगदाणे टाकले. भूषणनं हॉर्न वाजवला. "आई, उशीर होतोय."

"आले रे," सुंदरबाई म्हणाली. "एवढी वाटी देऊन येते."

तिनं वाटीवर पदर धरला आणि खिंडाराकडे चालू लागली. मागून चपलांचा आवाज येत होता.